नावाला जागणे

घरात मूल जन्माला आले की बारसे होते आणि त्याचे एक नाव ठरते. पण ठरलेले नाव पाळण्याचे बंधन घरात कोणावरच नसते. आजी त्याला सोन्या म्हणते, आत्या आपल्या आवडीचे नाव धरून बसते, वडील रागावले म्हणजे तेवढ्यापुरते पूर्ण नावाने हाक मारतात, आणि आळीतल्या पोरांनी ठेवलेले टोपणनाव तर त्याला साठीपर्यंत सोडत नाही. यात कोणाचेही काही बिघडत नाही. ज्याला नावे पुष्कळ, त्याच्यावर माया करणारी माणसेही पुष्कळ, असे खुशाल समजावे. भक्तांनी विष्णूला हजार नावे दिली आणि तरी त्यांचे समाधान झाले नाही. अमरकोशात तर एकेका वस्तूच्या नावांच्या माळाच ओवलेल्या आहेत. प्रेम आणि काव्य या दोहोंचे एका नावावर भागत नाही.

तोच मुलगा मोठा होतो आणि त्याची कागदाशी गाठ पडते. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, शिधापत्रिकेवर दुसरे, सातबाऱ्यावर तिसरे. मग वकिलाकडे जाऊन ‘अमुक ऊर्फ तमुक ही एकच व्यक्ती असून ती मीच आहे’ असे प्रतिज्ञापत्र करावे लागते. आपण आपणच आहोत हे शपथेवर सांगण्याची पाळी माणसावर येते, ही गोष्ट हसण्यासारखी खरी. पण कचेरीच्या पायऱ्या झिजवणाऱ्याला तिचे हसू येत नाही. अनेक नावे हे मायेचे लक्षण असेल, तर कागदाला त्यांचे इतके वावडे का? एका वस्तूला एकच नाव ठेवणे ही निव्वळ कारकुनी शिस्त आहे, की तिच्यात नीतीचाही काही अंश आहे? मला वाटते, आहे. आणि तो थोडाथोडका नाही.

बोलणे आणि लिहिणे यांतला एक साधा फरक आधी लक्षात घेऊ. बोलताना ऐकणारा समोर असतो. त्याला शब्द कळला नाही तर तो विचारतो, निदान भुवया उंचावतो. लिहिलेले वाचणारा मात्र एकटा असतो. लेक परगावी संसार मांडते, आईच्या हातची भाजणीच्या चकल्यांची वही उघडते आणि वाचते : दोन वाट्या भाजणी, एक वाटी पाणी. पुढच्या ओळीत असते, ‘उरलेले अर्धे भांडे पाणी घालावे.’ आता हे भांडे म्हणजे मघाचीच वाटी, पाणी प्यायचे भांडे, की चुलीवर ठेवलेले पातेले? आईच्या मनात तिन्ही शब्दांमागे एकच वस्तू असेल. पण आईचे मन वहीत उतरलेले नसते, शब्द तेवढे उतरलेले असतात. आई जवळ असती तर प्रश्नच नव्हता. ती जवळ नाही, म्हणून तर वही लिहिली होती.

चकली फसली तर फार तर फराळाच्या ताटातली एक जागा रिकामी राहील. पण काही कागद असे असतात की त्यांच्यावर याहून मोठ्या गोष्टी अवलंबून असतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरीचे उदाहरण घ्या. छत्रपती शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भोगावती नदीवर येथे धरण बांधायला घेतले. गावाला त्यांच्या कन्या राधाबाई यांचे नाव मिळाले, जलाशयाला महाराणी लक्ष्मीबाई यांचे. म्हणून त्याच पाण्याला कोणी लक्ष्मी तलाव म्हणतो, कोणी राधानगरी धरण, आणि पंचक्रोशीतला माणूस नुसते ‘धरण’ म्हणून मोकळा होतो. एरव्ही यात गोडवाच आहे. पण आषाढ-श्रावणात धुवाधार पाऊस लागला, की याच धरणाविषयीचा एकेक शब्द नदीकाठची गावे कान देऊन ऐकतात.

या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठराविक पातळीला चढले की ते आपोआप उघडतात. त्याखेरीज माणसांनी उघडायची आणि मिटायची वेगळी दारेही आहेत. बोलीत दोन्ही ‘दरवाजे’च. परंतु लेखी सूचनेत आज एक नाव आणि उद्या दुसरे वापरून कसे चालेल? पहिला दरवाजा उघडला तर तो पाण्याने उघडला. दुसरा उघडला तर तो कोणीतरी उघडला. एका प्रसंगी निसर्गाकडे पाहावे लागते, दुसऱ्या प्रसंगी माणसाला जाब विचारता येतो. दोन्ही एकाच नावाखाली घातले की जबाबदारीही त्याच नावाखाली बुडून जाते. पुढे हे पाणी पंचगंगेतून कोल्हापुरापाशी पोचते, तेव्हा राजाराम बंधाऱ्यावरच्या मापाकडे सारे शहर डोळे लावून बसते. तेथे ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. सामान्य व्यवहारात ‘इशारा’ आणि ‘धोका’ यांत फार अंतर नाही. तेथे ते चार फुटांचे आहे, आणि त्या चार फुटांत माणसांनी गुरे सोडायची असतात, धान्य माळ्यावर चढवायचे असते आणि म्हाताऱ्यांना हलवायचे असते. २०१९ आणि २०२१ चे महापूर ज्यांनी पाहिले, त्यांना हे अंतर समजावून सांगायला नको. लिहिणाऱ्याने शैलीच्या हौसेने एका शब्दाच्या जागी दुसरा घातला, तर तो शैलीचा दोष राहत नाही.

आता आणखी एका कागदाकडे वळतो. तो आपल्या सर्वांच्या घरात शिरला आहे, पण त्याच्याकडे कोणी नीतीच्या दृष्टीने पाहत नाही. संगणकात आणि खिशातल्या फोनमध्ये एक कार्यप्रणाली असते. तिलाच आपण ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतो. बोटांनी दिलेली आज्ञा ऐकणे, लिहिलेले जपून ठेवणे, मागितलेले काढून देणे, हा सगळा कारभार ती पाहते. घरातल्या कारभारणीसारखी ती दिसत नाही, पण तिच्यावाचून पान हलत नाही. ती कशी वापरावी हे सांगणारी माहितीपत्रके हजारो पानांची असतात. शेकडो हातांनी ती वर्षानुवर्षे लिहिलेली असतात, आणि कोणताही एक लेखक सारी पाने वाचत नाही. मग एका पानावर जिला ‘डिरेक्टरी’ म्हटले, तिलाच दुसऱ्या पानावर ‘फोल्डर’ म्हटले जाते. मायक्रोसॉफ्टच्या जुन्या डॉसमध्ये पहिले नाव होते. १९९५ च्या विंडोजपासून पडद्यावर दुसरे रूढ झाले. आणि काळ्या खिडकीत टंकायच्या आज्ञांतून पहिले अजूनही डोकावते. ॲपलने आपल्या प्रणालीचेच नाव २०१२ साली ‘मॅक ओएस एक्स’चे ‘ओएस एक्स’ केले आणि २०१६ साली ‘मॅकओएस’. तिच्यातले ‘सिस्टिम प्रेफरन्सेस’ २०२२ साली ‘सिस्टिम सेटिंग्ज’ झाले. जुने माहितीपत्रक हाती धरून बसलेला माणूस पडद्यावर जे शोधत राहतो, ते तेथे नसतेच. म्हणजे असते, पण आता त्या नावाला ओ देत नाही.

मराठीत ही अडचण दुप्पट आहे. फाइलला कोणी संचिका म्हणतो, कोणी धारिका. सरकारी कचेरीत तिची नस्ती होते. फोल्डरलाही कोणी संचिका म्हणतो. आता सूचना अशी असली की ‘नको असलेली संचिका पुसून टाका’, तर काय पुसायचे? एक चिठ्ठी, की नातवाच्या मुंजीची सगळी छायाचित्रे ठेवलेला अख्खा कप्पा? येथे कोणीही खोटे बोललेले नसते. प्रत्येक लेखकाने आपापल्या पानावर योग्य वाटला तो शब्द घातलेला असतो. पाने एकत्र आली की मात्र कागद वाचणाऱ्याला फसवतो. कोणाच्याही अप्रामाणिकपणाशिवाय घडणारी ही फसवणूक आहे, आणि तिला एक कर्ता नसल्यामुळेच तिची लाज कोणाला वाटत नाही.

तिचे सर्वांत वाईट फळ पुसलेल्या छायाचित्रांत नाही. वयाच्या पासष्टीत फोन शिकू पाहणारी एखादी आजी, किंवा घरातला पहिलाच संगणक हाताळणारा शेतकऱ्याचा मुलगा, सूचना वाचतो, पडद्याकडे पाहतो आणि दोहोंचा मेळ बसत नाही. तो असे म्हणत नाही की हा कागद नीट लिहिलेला नाही. तो म्हणतो, ‘हे आपल्याला जमण्यातले नाही.’ लिहिणाऱ्याच्या निष्काळजीपणाचे पाप वाचणारा निमूटपणे आपल्या बुद्धीच्या खाती लिहून घेतो. जाणत्याला नावांच्या गोंधळाचा त्रास होत नाही, कारण वस्तू त्याच्या ओळखीची असते. तो त्रास नेमका त्यालाच होतो, ज्याच्यासाठी तो कागद लिहिला.

यावर कोणी म्हणेल, एकच शब्द पुन्हा पुन्हा वापरणे हे दारिद्र्याचे लक्षण आहे. निबंधात शब्दांची पुनरुक्ती टाळावी असेच आम्हांला शाळेत शिकवले. निबंधापुरते ते खरे आहे. पण औषधाच्या बाटलीवर कोणी अलंकार शोधत नाही. ‘चमचा’ म्हटले तर पुढेही चमचाच. मध्येच ‘पळी’ आली तर ती भाषेची श्रीमंती ठरत नाही. पुनरुक्तीचा कंटाळा लिहिणाऱ्याला येतो. वाचणाऱ्याला तीच पुनरुक्ती अंधारातल्या जिन्याच्या कठड्यासारखी वाटते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. धरलेले नावच चुकीचे असेल तर? राधानगरीच्या जंगलातला गवा पाहा. दाजीपूरचे रान १९५८ साली अभयारण्य झाले, तेव्हा ते बायसन अभयारण्य म्हणून ओळखले जाऊ लागले. वस्तुतः बायसन हा अमेरिकेतला आणि युरोपातला प्राणी. आपला गवा निराळा. त्याला गवारेडा म्हणावे तर तो रेडाही नाही. रानम्हैस वेगळी, आणि महाराष्ट्रात ती गडचिरोलीकडे आढळते. शास्त्रज्ञांनी त्याला ‘बॉस गौरस’ म्हटले आणि त्यात आपल्याकडचा ‘गौर’ हा शब्द जपला. चुकीचे नाव निष्ठेने पाळत राहणे हा काही गुण नव्हे. तेव्हा नावे बदलावी लागतात, आणि बदलावीतही. १९८५ साली हेच अभयारण्य विस्तारले आणि त्याचे नाव राधानगरी अभयारण्य झाले. २०१२ साली पश्चिम घाट जागतिक वारशात गेला, त्या यादीत ते राधानगरी म्हणूनच आहे. तेथे दाजीपूर शोधणाऱ्याला ते सापडणार नाही. आणि गवा दाखवायला मुलांना घेऊन जाणारे कुटुंब तर आजही ‘दाजीपूरला चाललो’ असेच म्हणते.

म्हणून नाव बदलण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा : याची किंमत कोण देणार? बदलणारा सहसा काही देत नाही. लग्नानंतर मुलीचे नाव बदलण्याची चाल आपल्याकडे कौतुकाने चालत आली. ताटातल्या तांदळावर नवे नाव रेखले, की सासरचे काम संपले. पण पुढे पदवीच्या कागदापासून बँकेच्या खात्यापर्यंत आपण तीच आहोत हे सिद्ध करीत फिरली ती तीच. कंपनीने एका बैठकीत नाव बदलले, की जगभरच्या लाखो माणसांच्या वाट्याला ते फिरणे येते.

यातून वाट नाही असे नाही, आणि ती आपल्या पूर्वजांना ठाऊक होती. १६७४ साली शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. त्या सुमारास त्यांनी राजव्यवहारकोश करवून घेतला. पेशव्याला पंतप्रधान, मुजुमदाराला अमात्य, सुरनिसाला सचिव अशी नवी नावे दिली गेली. पण कोशकाराने जुना शब्द फेकला नाही. त्याच्याशेजारी नवा ठेवला. कारभाऱ्याला जुन्यावरून नव्याकडे जाता येत होते. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले, तेव्हा भाषा संचालनालयाच्या आरंभीच्या कामांत पदनामांचा कोश होता, तो याच गरजेपोटी : एक पद, मग कचेरी कोणतीही असो, एक नाव. संगणकाची पत्रके लिहिणारे चांगले लोकही आधी अशीच एक शब्दसूची करतात. या वस्तूला हेच म्हणायचे. पूर्वी ते म्हणत होते. आणि अमुक शब्द मात्र वापरायचा नाही, असे तीत असते. सूची करणे सोपे आहे; वर्षानुवर्षे, माणसे बदलली तरी, तिला धरून राहणे अवघड आहे. तेथे बुद्धीपेक्षा चारित्र्याचे काम अधिक पडते.

एवढे करूनही प्रेमाच्या आणि ऋणाच्या नावांची जागा जात नाही. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली जीएनयू नावाची मुक्त प्रणाली उभारण्याचा संकल्प सोडला. लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ साली लिनक्स हा गाभा दिला. लोक सोयीसाठी सगळ्याला लिनक्स म्हणतात. पण डेबियन ही प्रणाली आपले नाव ‘डेबियन जीएनयू/लिनक्स’ असेच लिहीत आली. मधली तिरकी रेघ ही कृतज्ञतेची रेघ आहे. लक्ष्मी तलाव हे नावही तसेच आहे. सूचनापत्रात राधानगरी धरण लिहा, सर्वत्र तेच लिहा; पण पहिल्या पानावर एकदा ‘ऊर्फ लक्ष्मी तलाव’ असे लिहायला विसरू नका. ‘ऊर्फ’ हा आपल्या भाषेतला फार न्यायी शब्द आहे. तो नव्याला गादीवर बसवतो आणि जुन्याला घराबाहेर काढत नाही.

मराठीत ‘शब्द’ या शब्दाचा अर्थ वचन असाही आहे. आपण शब्द देतो, शब्द पाळतो, शब्दाला जागतो. वाचणाऱ्यासाठी आपण एखाद्या वस्तूला पहिल्यांदा नाव देतो, तेव्हा त्याला शब्दच दिलेला असतो : पुढे हे नाव येईल तेव्हा हीच वस्तू असेल, आणि ही वस्तू येईल तेव्हा हेच नाव असेल. हे वचन मागायला तो कधी समोर येत नाही, आणि ते मोडले तर भांडायलाही येत नाही. जो भांडायला येऊ शकत नाही, त्याला दिलेला शब्द पाळणे ही नीतीची जुनीच कसोटी आहे.