घट

पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रमात 2002 साली फॅब लॅब उभी राहिली. संगणकावर काढलेलं चित्र यंत्राकडून कापून घ्यायची सोय खेड्यातल्या मुलांच्या हाती आली. पुढे अशा लॅब ठिकठिकाणी निघाल्या. त्यातल्याच एकीत एका सोनाराची नात शिकत होती.

तिनं बाटल्यांची झाकणं जमवली. त्रिकोणात 2 आकडा असलेली, म्हणजे एचडीपीई प्लास्टिकची, तेवढीच ठेवली. पीव्हीसीचा एखादा तुकडा चुकून तापला तर आम्लाचा घातक वायू सुटतो, म्हणून निवडताना तिनं जराही कसूर केली नाही. झाकणं धुतली, भरडली, तापवून दाबली. निळ्यापांढऱ्या लाटांची सुंदर शीट झाली. लेझरनं या प्लास्टिकच्या कडा ओघळतात, म्हणून फिरत्या पात्यानं कापणारं राउटर यंत्र लावून जाळीदार झुमके कापले आणि आजोबांपुढे ठेवले.

आजोबांनी कडेवरून अंगठा फिरवला. "हात चांगला बसलाय. घट किती आली?"

"आजोबा, हे काय सोनं आहे?"

"शीटचं वजन तर केलं असशील."

शीट 200 ग्रॅमची होती. झुमके भरले 60, उरलेला सांगाडा 100. बाकीचे 40 ग्रॅम कीस होऊन झाडूबरोबर अंगणात आणि पहिल्या पावसात ओढ्याला गेले होते. झाकण निदान हातानं उचलता येतं. ओढ्यातला कीस कोण वेचणार? तो माशांच्या पोटात जातो.

"आपल्या दुकानातला केरसुद्धा झारेकरी विकत नेतो," आजोबा म्हणाले. "त्यात सोनं आहे, म्हणून त्याचा हिशेब सगळेच ठेवतात. तुझ्या किसाला मोल नाही. त्याचा हिशेब तुलाच ठेवावा लागेल."

तिनं चित्रं नव्यानं मांडली. बांगडीच्या पोटातून निघणाऱ्या चकतीत झुमका बसवला. शेजारच्या दोन नगांना एकच काप दिला, म्हणजे पातं एकदाच फिरेल. पात्याशी कीस ओढून घेणारी नळी जोडली. सांगाडा आणि कीस पुढच्या शीटमध्ये जाऊ लागले. वहीत प्रत्येक शीटपुढे वजन, नग आणि घट.

वर्षभरानं शहरातला एक दुकानदार आला. त्याला पहिलीच जाळी हवी होती, तीही ढिगानं आणि लगेच.

"त्यात फार कीस निघतो," ती म्हणाली. "साचा करून त्यात दाबून देते. थोडा वेळ लागेल, घडणावळही जास्त पडेल."

"किसाचं काय घेऊन बसलात? प्लास्टिक तर फुकटचं!"

तिनं वही उघडून पहिल्या शीटचा हिशेब त्याच्यापुढे धरला. त्यानं तो वाचला, थोडी घासाघीस केली आणि ठरवले होते त्याच्या निम्मेच नग सांगितले.

दुसऱ्या दिवशी ती साच्याच्या कामाला लागली.