शंका घ्यावी, पण कशी?



परंपरेने आले, ग्रंथात लिहिले आहे, सांगणारा आपला गुरू आहे, एवढ्यावरून काही मानू नका, असे तथागतांनी केसपुत्तच्या कालामांना सांगितले. हे ऐकून आपले काही तरुण (माझ्या वर्गातली हुशार मुलेसुद्धा) समोरच्याचे बोलणे धुडकावणे म्हणजेच चिकित्सा असे समजतात. सम्यक वाचाही त्याच तथागतांनी सांगितली, हे मागे राहते. दोन्ही एकत्र कशा नांदतात, ते हौशी आकाशनिरीक्षकांकडे पाहावे.

१९ जुलै २००९ रोजी ऑस्ट्रेलियातील अँथनी वेस्ली या संगणकाचे काम करणाऱ्या गृहस्थांना, घरच्या दुर्बिणीतून टिपलेल्या गुरू ग्रहाच्या चित्रात दक्षिण ध्रुवाजवळ काळा डाग दिसला. पहिली शंका त्यांनी स्वतःच घेतली. उपग्रहाची सावली असेल? पण जागा आणि आकार जुळेना, शिवाय डाग सावलीपेक्षा सावकाश सरकत होता. मग दोनच रात्रींपूर्वीचे आपले चित्र काढून पाहिले. तिथे ती जागा स्वच्छ होती. तेव्हा त्यांनी इतरांना कळवले. हौशी माणसाला काय कळते, असे म्हणून ते बाजूला टाकले गेले नाही, आणि नुसत्या शब्दावर विसंबूनही कोणी राहिले नाही. हवाईतील मौना केआ पर्वतावरची नासाची अवरक्त दुर्बीण तिकडे वळवली गेली, आणि गुरूवर काहीतरी आदळल्याचे सिद्ध झाले.

बोलणारा कोण, कुठला, यावरून त्याचे म्हणणे खरे की खोटे ठरवण्याच्या रीतीची झळ आपल्या वाडवडिलांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसली. म्हणून मला या घटनेचे नवल कमी आणि समाधान जास्त वाटते.

अशा चित्रांवर वाद होणारच. कॅमेऱ्यात धूळ असते, भिंगातला परावर्तित प्रकाश तारा होऊन बसतो, चित्र उठावदार करण्याच्या नादात नसलेली रेघ उमटते. हे विचारलेच पाहिजे. पण 'वेळ कोणती होती? मूळ चित्र दाखवाल का?' असे विचारले की माणूस पुरावा शोधायला लागतो. 'फसवतोस काय?' म्हटले की तो भांडायला उभा राहतो, नाहीतर पुढच्या वेळी गप्प बसतो. उगाच वाहवा करणाराही त्याचे भले करत नाही. खरे आणि हिताचे असेल तर अप्रियही बोलावे, मात्र वेळ पाहून, असे तथागतांनी अभय राजकुमाराला समजावले होते.

३ जून २०१० रोजी वेस्लींनाच गुरूवर जेमतेम दोन सेकंदांची एक चमक टिपता आली. बातमी कळताच फिलिपाइन्समधील ख्रिस्तोफर गो या दुसऱ्या हौशी निरीक्षकांनी त्याच वेळेचे आपले चित्रण तपासले. त्यातही ती चमक होती. दोन देश, दोन दुर्बिणी, एकच क्षण; कॅमेऱ्याच्या दोषाची शंका तिथेच मिटली. आता मागच्या वर्षीसारखा डाग उमटला असेल, म्हणून काही दिवसांनी हबल दुर्बिणीने पाहिले. डाग नव्हता. चमक खरी, डागाचा अंदाज चुकीचा, अशा दोन्ही नोंदी शेजारी शेजारी झाल्या.