फोल बोल आणि रिकामा माणूस

एखादे बोलणे निरर्थक वाटले, की इंग्रज माणूस 'बॉश!' असा सौम्य उद्गार काढीत असे. हा शब्द मूळचा तुर्की. तेथे त्याचा अर्थ 'रिकामे'. जेम्स मोरिअर यांच्या १८३४ सालच्या 'आयेशा' या कादंबरीमुळे तो इंग्रजीत रुळला. आपल्या मराठीत त्याच्या जवळचा शब्द आहे 'फोल'. दाणा नसलेले टरफल ते फोलपट. ठाणे-कल्याण पट्ट्यातील कित्येक भातखाचरांवर आज इमारती उभ्या आहेत. शब्द मात्र टिकला आहे.

आमच्यापुढे प्रश्न आहे तो असा : फोल काय म्हणावे, बोलणे की बोलणारा?

पर्वतावरील प्रवचनात प्रभू येशूने आपल्या बंधूला 'राका' म्हणणाऱ्यास दोषी ठरविले आहे (मत्तय ५:२२). या अरामी शब्दाच्या मुळाशीही 'रिकामा' हाच अर्थ आहे. त्याच शुभवर्तमानात, प्रत्येक व्यर्थ शब्दाचा हिशेब न्यायाच्या दिवशी द्यावा लागेल, असेही तो बजावतो (१२:३६). म्हणजे शब्द रिकामा असू शकतो, हे प्रभूला मान्य आहे; माणसाला रिकामा म्हणणे त्याला मान्य नाही.

फोल बोलणे निमूटपणे ऐकून घ्यावे, असा याचा अर्थ नव्हे. भोंदूबाबाच्या आश्वासनांनी संसार उद्ध्वस्त होतात. म्हणून तर महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. अशा वेळी मौन म्हणजे सौजन्य नव्हे. परंतु डोंबिवलीच्या दोन खोल्यांत आजोबा काही सांगू लागतात आणि नातू 'काहीतरीच!' म्हणून उठून जातो. धर्मग्रामाच्या सभेत एखादी भगिनी अडखळत बोलते आणि मंडळी हसतात. तेथे बोलण्याची पारख होतच नाही. बोलणाराच बाद होतो. पुढच्या वेळी तो तोंड उघडत नाही, आणि त्याच्याजवळचा दाणाही आपण गमावतो.

ठाण्यात मासुंदा तलावाजवळचे आपले चर्च संत योहान बाप्तिस्ता यांच्या नावाचे आहे. येणाऱ्याच्या हाती सूप आहे, असे योहानाने सांगितले होते (मत्तय ३:१२). माणसांची पाखडणी त्या हाताकडेच असू द्यावी. आपण शब्द पाखडावेत, आणि तेही दाणा राखण्यासाठी. 'हे पटत नाही' म्हणणाऱ्याने आधी पुरते ऐकावे आणि का पटत नाही, तेही सांगावे. एवढे ऋण आपण प्रत्येक बोलणाऱ्याचे लागतो.