व्हिसा आणि व्हायोलिन

धंतोलीतल्या आमच्या घरी उजाडायचं ते आकाशवाणीच्या धूनने. वडील रेडिओ लावायचे; आधी नुसती खरखर, मग तंबोरा आणि त्यावर ते व्हायोलिन. ती धून इतकी घरची होती, की ती कुणी रचली असेल हे कधी मनातच आलं नाही.

तिचं श्रेय वॉल्टर कॉफमन यांना दिलं जातं. जन्माने ज्यू, गाव कार्ल्सबाड, आजच्या चेक प्रजासत्ताकातलं. जर्मनीत हिटलर आल्यावर, १९३४ साली, ते मुंबईला आले आणि १९३७ ते १९४६ रेडिओत पाश्चात्त्य संगीत सांभाळत राहिले. हिंदुस्थानच का निवडला? त्यांचं उत्तर साधं होतं: इथला व्हिसा सहज मिळत होता.

रोमन पोलान्स्कीचा ‘द पियानिस्ट’ (२००२) पाहताना हेच उत्तर डोक्यात घोळत होतं. त्यातला व्लादिस्लाव श्पिलमनही ज्यू आणि रेडिओवरचाच माणूस, वॉर्सात पियानो वाजवणारा. नाझींपासून लपायला मिळालेल्या खोलीत पियानो आहे, पण आवाज झाला तर जीव जाईल. तो झाकण उघडतो आणि सुरांना न शिवता वरच्यावर बोटं फिरवतो. मला तो प्रसंग बघवत नाही.

पुढे पडक्या घरात जर्मन अधिकारी होझेनफेल्ड त्याला वाजवायला सांगतो, ऐकतो, आणि मग भाकरी-पांघरूण आणून देतो. संगीताने शत्रूचं मन पालटलं, असं आपण भारावून म्हणतो. मला ते पटत नाही. होझेनफेल्डने त्याआधीही ज्यू आणि पोलिश माणसांना वाचवलं होतं. माणुसकी त्याच्यात पियानो ऐकण्याआधीपासून होती. श्पिलमनला तगवलं ते जीव धोक्यात घालून त्याला दडवणाऱ्या, खाऊ घालणाऱ्या वॉर्सातल्या माणसांनी. तेवढ्यानेही भागलं नसतं, नशीबही लागलं. कलेला आपण तारणहार ठरवलं, की दार उघडणारे हात दिसेनासे होतात, आणि ज्यांना कला येत नव्हती त्यांचं मरण जणू समजण्यासारखं वाटू लागतं.

आणि ज्यांना येत होती त्यांचं काय? श्पिलमनचे वडील सॅम्युएल व्हायोलिन वाजवायचे. १९४२ च्या उन्हाळ्यात त्यांना, बायको आणि बाकीच्या मुलांसह, त्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे जाणाऱ्या गाडीत कोंबलं. त्याच वर्षी मुंबईत कॉफमन रोज रेडिओच्या कचेरीत जात होते.