सख्यत्वाचा मुहूर्त

चित्रपटकथेचे काही साचे अतिवापराने झिजलेले दिसतात. तरीही ज्या अर्थी प्रेक्षक त्यांच्याकडे पुनःपुन्हा परततो, त्या अर्थी त्यांच्या बुडाशी समाजाची एखादी अनुत्तरित गरज असली पाहिजे, असे मानणे भाग पडते. तारुण्यात जिवाभावाने एकत्र राहिलेल्या, पुढे संसार, नोकरी, देशांतर आणि क्वचित एखादे मर्मभेदी भांडण यांमुळे पांगलेल्या मैत्रिणी त्यांतील एकीच्या लग्नाच्या निमित्ताने पुन्हा एका छताखाली येतात, जुने व्रण उघडे पडतात, आणि विवाहविधी उरकण्यापूर्वी त्यांचा समेट होतो, हा असाच एक साचा होय. गेल्या तीस वर्षांत ऑस्ट्रेलिया, इंग्लंड, अमेरिका आणि भारत या सर्व देशांतील निर्मात्यांनी तो आपापल्या परीने हाताळला, आणि बहुतेक समीक्षकांनी त्याला हलक्याफुलक्या करमणुकीच्या सदरात टाकून त्याची बोळवण केली. मला मात्र या चित्रपटांच्या गाण्याबजावण्याखालून स्त्रियांच्या मैत्रीची एक गंभीर कैफियत ऐकू येते, आणि ती यथाशक्ति मांडावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

त्या कैफियतीचे मूळ एका विसंगतीत आहे. स्त्रियांची बालमैत्री तोडण्याचे काम आजवर ज्या संस्थेने सर्वांत अधिक केले, ती विवाहसंस्थाच होय. जिथे विवाहाने मुलीचे गाव बदलते, आडनाव बदलते, आणि आपल्याकडे तर कित्येक घरांतून तिचे पाळण्यातले नावही बदलत असे, तिथे तिच्या मैत्रिणींचा पत्ता कुणाच्या दप्तरी राहणार? पुरुषाचे मित्र त्याच्या पारावर, पेढीवर, कचेरीत त्याला आयुष्यभर भेटत राहतात. स्त्रीच्या मैत्रिणी मात्र तिच्या माहेराप्रमाणेच मागे राहतात. आणि ज्या विवाहाने त्यांची पांगापांग केली, त्याच विवाहाच्या मांडवात त्यांनी पुन्हा जमावे, कारण त्यांच्या एकत्र येण्याला प्रतिष्ठित असे दुसरे निमित्तच समाजाने ठेवलेले नाही, ही गोष्ट या सर्व कथांच्या पायाशी आहे.

मैत्रीला विधी नाही, त्यामुळे तिला तिथीही नाही. विवाह मोडला तर न्यायालयाचा हुकूमनामा होतो, त्यावर तारीख पडते. मैत्री मोडली तर तिची नोंद कुठेच होत नाही, ती नेमकी केव्हा मोडली हे त्या दोघींनाही सांगता येत नाही, आणि जे मोडल्याचा दाखला नाही ते जोडायचे तरी कोणत्या मुहूर्तावर, असा प्रश्न उभा राहतो. लग्नाचे निमंत्रण हा प्रश्न सोडवते. ते निमंत्रण म्हणजे एका परीने समन्सच असते. त्याला होकार द्यावा लागतो किंवा नकार, मौन राखून चालत नाही. मैत्रिणींना असा निर्वाणीचा सांगावा धाडणारा दुसरा विधी मानवी व्यवहारात एकच आहे, आणि तो म्हणजे अंत्यविधी. 1996 सालच्या ‘द फर्स्ट वाइव्हज क्लब’ या अमेरिकन चित्रपटात महाविद्यालयातील तीन मैत्रिणी दीर्घ काळाने भेटतात त्या पतीने टाकलेल्या आणि त्या दुःखात जीव दिलेल्या चौथीच्या अंत्ययात्रेच्या निमित्ताने. एकीच्या विवाहात किंवा एकीच्या मृत्यूनंतरच ज्यांना एकत्र येण्याची मुभा मिळते, त्यांच्या सख्याची अवस्था किती निराधार आहे, हे याहून स्पष्ट काय सांगावे?

2024 साली आलेला जोसेलिन मूरहाउस यांचा ‘द फॅब्युलस फोर’ हा चित्रपट या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. त्यातील मॅरिलिन ही विधवा आयुष्याच्या उत्तरार्धात फ्लोरिडाच्या टोकावरील की वेस्ट येथे पुन्हा विवाहाला सिद्ध झाली आहे, आणि तिच्या तीन मैत्रिणींपैकी लू हिने तिच्याशी कित्येक वर्षे अबोला धरलेला आहे, कारण लूचे ज्या पुरुषावर प्रेम होते त्याच्याशीच मॅरिलिनने पहिला विवाह केला होता. हेमिंग्वेच्या तेथील घरातल्या सहा बोटांच्या मांजरांपैकी एक मांजर तुला मिळणार आहे, अशी थाप मारून लूला तिथे नेले जाते. बेट मिडलर आणि सुझन सॅरंडन या सत्तरी ओलांडलेल्या दोन समर्थ अभिनेत्रींनी या भूमिका केल्या आहेत. चित्रपटात ढोबळ विनोद पुष्कळ आहे, हे मान्य. परंतु ज्याच्यावरून वाद झाला तो पुरुष मृत्यू पावला तरी वादाची धग विझलेली नाही, यातून एक सत्य हाती लागते. लूला जे सलत होते ते प्रियकराचे जाणे नव्हे, तर मैत्रिणीने केलेला विश्वासभंग. प्रियकराच्या विरहावर साऱ्या जगाच्या वाङ्मयात ग्रंथच्या ग्रंथ सापडतील. मैत्रिणीच्या विरहाला मात्र शोकाची परंपराच नाही, आणि म्हणून तो शोक अबोल्याचे रूप घेऊन दशकानुदशके मनात राहतो.

या चित्रपटांत वर ही व्यक्ती नेहमी फिकी असते, हा आक्षेप पुष्कळदा घेतला जातो. माझ्या मते तो दोष नव्हे; तीच या कथाप्रकाराची खूण आहे. ‘ममा मिया’ ही संगीतिका 1999 साली लंडनमध्ये रंगभूमीवर आली आणि 2008 साली तिचा चित्रपट झाला. निर्मात्या जुडी क्रेमर, लेखिका कॅथरीन जॉन्सन आणि दिग्दर्शिका फिलिडा लॉइड, अशा तिन्ही सूत्रधार स्त्रिया. ग्रीक बेटावर एकटीने पथिकाश्रम चालवणाऱ्या डॉनाच्या मुलीचे लग्न ठरलेले असते, त्यासाठी डॉनाच्या तरुणपणच्या गायनवृंदातील टान्या आणि रोझी या दोन सख्या येतात, आणि प्रत्यक्ष वेदीपुढे मुलगी व तिचा वर लग्न पुढे ढकलतात, तर त्याच वेदीपुढे डॉनाचे लग्न लागते. 2023 सालच्या ‘बुक क्लब : द नेक्स्ट चॅप्टर’मध्येही हेच घडते : चार वृद्ध मैत्रिणी जेन फोंडाने साकारलेल्या व्हिव्हियनच्या लग्नाकरिता इटलीला जातात, ऐन वेळी तिला व तिच्या जोडीदाराला विवाहबंधनाची आवश्यकता वाटेनाशी होते, आणि त्या सिद्ध झालेल्या मंगलस्थानी दुसऱ्या मैत्रिणीचे लग्न लागते. वधू बदलली, वर बदलला, तरी कथेला धक्का पोचत नाही. बदलता येत नाहीत त्या फक्त भोवती उभ्या असलेल्या मैत्रिणी. ज्या नाट्यात नायक-नायिकेची अशी अदलाबदल चालते, त्या नाट्याचा विषय विवाह नसून सख्य आहे, हे निराळे सिद्ध करण्याची गरज नाही.

सख्याची परीक्षा कशात होते, याचे अधिक निर्भय उत्तर 2011 सालच्या ‘ब्राइड्समेड्स’ने दिले. क्रिस्टन विग आणि अ‍ॅनी मुमोलो या दोन मैत्रिणींनी मिळून लिहिलेल्या या पटकथेला ऑस्करचे नामांकन मिळाले होते. त्यातील अ‍ॅनीचे केकचे दुकान मंदीत बुडालेले आहे, आणि तिची बालमैत्रीण लिलियन संपन्न घरात पडणार आहे. लग्नापूर्वीच्या समारंभात अ‍ॅनी आपल्या हातांनी सजवलेल्या जुन्या आठवणींची भेट आणते, तर हेलन ही नवी धनाढ्य मैत्रीण पॅरिसचा प्रवासच भेट म्हणून देते. आणि अ‍ॅनीचा जो तोल सुटतो तो केवळ मत्सरामुळे सुटत नाही. बालपणी ज्या दोघींचे सारे सारखे होते त्यांच्यामध्ये आता पैशाची भिंत उभी राहिली आहे, आणि लग्न ही त्या भिंतीवरची पहिली उघड नोंद आहे. मैत्री समानांमध्ये जुळते, विवाह मात्र स्त्रीला एका रात्रीत वेगळ्या आर्थिक श्रेणीत नेऊन बसवू शकतो. या स्थित्यंतरात मागे राहिलेलीने आनंदी मुद्रेने करवली म्हणून मिरवावे, ही अपेक्षा किती कठोर आहे, हे त्या चित्रपटाने हसवता हसवता दाखवले.

परंतु या सर्वांत मला श्रेष्ठ वाटतो तो तीस वर्षांपूर्वीचा एक ऑस्ट्रेलियन चित्रपट, पी. जे. होगन दिग्दर्शित ‘म्युरिअल्स वेडिंग’ (1994). जोसेलिन मूरहाउस या त्याच्या निर्मात्यांपैकी एक होत्या, हे लक्षात घेतले म्हणजे ‘द फॅब्युलस फोर’पर्यंतचा धागा एकाच हातातून आलेला दिसतो. पॉर्पोइझ स्पिट या काल्पनिक गावातील म्युरिअल ही घरात आणि मैत्रिणींत उपेक्षित अशी मुलगी. वधूवेश म्हणजेच मुक्ती, अशी तिची समजूत. शाळेतील जुनी मैत्रीण राँडा तिला पुन्हा भेटते, दोघी सिडनीत नवे आयुष्य थाटतात, आणि मणक्याच्या अर्बुदाने राँडाच्या नशिबी चाकांची खुर्ची येते. अशा वेळी म्युरिअल तिला सोडून, नागरिकत्वाची गरज असलेल्या एका परदेशी जलतरणपटूशी पैशाच्या बदल्यात लग्न लावते. वैभवशाली विवाह तिला मिळतो, परंतु त्यात माणूस नसतो. आईच्या करुण मृत्यूनंतर ती हे खोटे लग्न स्वतःहून सोडते, गावी अडकलेल्या राँडाच्या दारी जाते, आणि दोघी मिळून पुन्हा सिडनीची वाट धरतात. इथे लग्न हे समेटाचे निमित्त न राहता समेटासाठी मोजलेली किंमत झाले आहे, आणि म्हणूनच या साच्यातील इतर चित्रपट जे सूचित करून थांबतात, ते या चित्रपटाने शेवटपर्यंत नेले.

पुरुषांच्या मैत्रीवरील चित्रपटांशी तुलना केली असता हा भेद अधिक उजळतो. ‘द हँगओव्हर’ (2009), आपल्याकडील ‘जिंदगी ना मिलेगी दोबारा’ (2011) आणि वृद्ध मित्रांचा ‘लास्ट व्हेगास’ (2013) या तिन्हींत लग्न आहेच. भांडणे आहेत, समेटही आहेत. पण तेथे मित्र लग्नाकडे पाठ करून प्रवासाला निघतात, कारण लग्न ही त्यांच्या स्वातंत्र्याची सरहद्द मानली जाते आणि ती ओलांडण्यापूर्वी एकदा मनसोक्त हिंडून घ्यावे, असा त्यांचा विचार असतो. स्त्रिया मात्र लग्नाच्या दिशेने प्रवास करतात, कारण घराबाहेर पडण्याचा परवाना त्यांना तेवढ्यापुरताच मिळालेला असतो.

भारतात या कथेने दोन भिन्न रूपे घेतली. 2018 सालच्या ‘वीरे दी वेडिंग’मध्ये कालिंदीच्या लग्नासाठी दिल्लीत चार शाळासोबतिणी जमतात, वरपक्षाच्या डामडौलाने आणि आपल्या आईवडिलांच्या कलहाच्या आठवणींनी कालिंदी गुदमरते, लग्न मोडते, आणि पुढे ते साधेपणाने लागते. चारचौघींच्या मोकळ्या भाषेवर त्या वेळी पुष्कळ गदारोळ झाला. पण घटस्फोट, परदेशी पती, अविवाहितपणाचा जाच या गोष्टी मैत्रिणींपाशीच प्रथम बोलता येतात, हे त्या चित्रपटाने बिनतोड सांगितले. त्याआधी 2015 साली पॅन नलिन यांनी ‘अँग्री इंडियन गॉडेसेस’मध्ये फ्रीडाच्या मैत्रिणींना गोव्यात आणले होते. फ्रीडाचे लग्न एका स्त्रीशी आहे, आणि भारतीय दंडविधानाचे कलम 377 त्या वेळी जारी होते. म्हणजे ज्या विवाहाला कायद्याची मान्यताच नाही त्याचे साक्षीदार होण्यासाठी या स्त्रिया आल्या आहेत. त्या मेळाव्यात घरकाम करणाऱ्या लक्ष्मीलाही जागा आहे. पुढे एकीवर बलात्कार होऊन तिची हत्या होते, बाकीच्या सूड घेतात, आणि प्रार्थनामंदिरात अपराध्याची विचारणा झाली असता सारा जमाव एकेक करून उभा राहतो. विवाहाला जे साक्षीदार लाभले नसते ते मैत्रीला असे लाभतात.

या चित्रपटांवर एक आक्षेप मात्र मी नाकारणार नाही. टस्कनी, ग्रीक बेटे, की वेस्ट, फुकेट अशी स्थळे निवडणारी ही मैत्री सुखवस्तूंची आहे. कारखान्यात पाळीवर जाणाऱ्या, चार घरची भांडी घासणाऱ्या किंवा ऊसतोडीला जाणाऱ्या स्त्रीला मैत्रिणीच्या लग्नाची रजा कोण देणार आणि प्रवासखर्च कुठून येणार? लक्ष्मीसारखे पात्र या साच्यात अपवादानेच येते, आणि ते यावे यासाठी लेखकांनी आग्रह धरला पाहिजे.

महाराष्ट्राच्या परंपरेत स्त्रियांच्या मेळ्याची व्यवस्था अगदीच नव्हती असे नाही. विवाहानंतरची पाच वर्षे श्रावणातल्या मंगळवारी नवपरिणीतेची मंगळागौर होई, वशेळ्या, म्हणजे सोबतच्या नवविवाहिता, पूजेला बसत, आणि रात्रभर फुगडी, झिम्मा, पिंगा यांत अंगण जागे राही. परंतु तो अधिकार सौभाग्यवतीचा होता. विधवेला, परित्यक्तेला, अविवाहितेला त्या वर्तुळात मानाचे स्थान नव्हते. तीच परंपरा 2023 साली केदार शिंदे यांच्या ‘बाईपण भारी देवा’ने सहा दुरावलेल्या बहिणींच्या हाती मंगळागौरीच्या स्पर्धेच्या रूपाने दिली, आणि त्या चित्रपटाला स्त्रियांनी जथ्याजथ्याने जी गर्दी केली तिने या भुकेची साक्ष दिली. हेमंत ढोमे यांच्या ‘झिम्मा’ने (2021) तर खेळाचे नाव घेऊन लग्नाचे निमित्तच वगळले : निरनिराळ्या वयांच्या स्त्रिया सहलीला जातात, आणि ‘झिम्मा 2’मध्ये (2023) त्यांतील ज्येष्ठ स्त्रीच्या पंचाहत्तरीसाठी पुन्हा एकत्र येतात. स्त्रीचे स्वतःचे वय, कुणाची पत्नी वा माता म्हणून नव्हे तर जगलेल्या वर्षांच्या बळावर, उत्सवाला पुरेसे कारण मानले गेले, ही मराठी चित्रपटाने टाकलेली पुढची पायरी आहे, असे मला मनापासून वाटते.

कायद्याच्या लेखी सखी अद्याप कुणीच नाही. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे मृत्युपत्र न करता वारलेल्या स्त्रीच्या मालमत्तेवर मुले व पती यांच्यामागून पतीच्या वारसांचा हक्क येतो, आणि तिच्या जन्मदात्यांचा क्रम त्याही नंतर लागतो. जिने तिच्या आजारपणात रात्री जागवल्या त्या मैत्रिणीचे नाव त्या वंशावळीत शोधूनही सापडणार नाही. मैत्रीला कायद्याने बांधावे, असे मी म्हणत नाही, कारण बंधनमुक्तता हेच तिचे सौंदर्य आहे. परंतु समाजाने तिला स्वतःचे दिवस द्यावेत, घराने तिच्यासाठी स्त्रीला विनासबब जाऊ द्यावे, आणि आजारी मैत्रिणीपाशी आठ दिवस राहून येणे हे भाच्याच्या मुंजीइतकेच रास्त कारण मानावे, एवढी मागणी अवाजवी नाही. ती मान्य होईपर्यंत मैत्रिणी दुसऱ्याच्या मुहूर्तावर भेटत राहतील, आणि चित्रपट त्या भेटींच्या कथा सांगत राहतील. ज्या दिवशी ती मान्य होईल त्या दिवशी या साच्यातून लग्न आपोआप गळून पडेल, आणि कथा मात्र तशीच उभी राहील.