उत्तर न देणाऱ्या देहातील ‘मी’

समोरच्या व्यक्तीला भान आहे, हे आपण कशावरून ठरवतो? हाक मारली की ती मान वळवते, हात धरला की बोटे आवळते, विचारले की बोलते. दुसऱ्याच्या चैतन्याचा आपल्याजवळचा पुरावा एवढाच, प्रतिसाद. पण प्रतिसादच थांबला, तर आत कोणी आहे असे समजून वागायचे, की कोणीच नाही असे समजून?

इंग्लंडमधील एक तरुणी या प्रश्नाच्या केंद्रस्थानी आली. जुलै २००५ मध्ये रस्त्यावरील अपघातात तिच्या मेंदूला गंभीर इजा झाली. पाच महिन्यांनंतरही ती डोळे उघडत असे, झोप आणि जाग यांचे चक्र चालू होते. मात्र सांगितलेले काहीच ती करत नव्हती. तिला भान नाही, असेच निदान होते. केंब्रिजचे संशोधक एड्रियन ओवेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिला एफएमआरआय यंत्रात ठेवून दोन गोष्टी सांगितल्या : आपण टेनिस खेळत आहोत अशी कल्पना कर, आणि आपल्या घरात खोल्याखोल्यांतून फिरत आहोत अशी कल्पना कर. मेंदूच्या ज्या भागाचे काम वाढते तिकडे प्राणवायुयुक्त रक्त अधिक जाते, आणि हे यंत्र तो बदल टिपते. टेनिसच्या वेळी हालचालींची आखणी करणारा भाग कार्यरत झाला, घराच्या वेळी जागा ओळखणारे भाग. निरोगी माणसांतही नेमके हेच दिसत होते. २००६ मध्ये हे निष्कर्ष ‘सायन्स’ या नियतकालिकात आले. तिने ऐकले होते, समजून घेतले होते आणि सांगितलेले केले होते.

२०१० मध्ये केंब्रिज आणि बेल्जियममधील लिएज येथे तपासलेल्या ५४ रुग्णांपैकी पाच जणांत असा प्रतिसाद आढळला. त्यांतील एकाने ‘हो’साठी टेनिस आणि ‘नाही’साठी घर अशी कल्पना करून स्वतःच्या आयुष्याविषयीच्या सहापैकी पाच प्रश्नांची अचूक उत्तरे दिली. २०२४ च्या एका मोठ्या अभ्यासात बाहेरून आज्ञेला प्रतिसाद न देणाऱ्या २४१ जणांपैकी ६० जण, म्हणजे जवळजवळ चारांत एक, आतून प्रतिसाद देत होते.

हे वाचून आपल्यापैकी काहींना वाटेल, ‘विज्ञानाने आत्मा सिद्ध केला.’ येथे साधकाने सावध राहावे. यंत्राने आत्म्याचे छायाचित्र घेतलेले नाही. रक्तातील बदल टिपले आहेत. त्या चित्रावरून ‘आत कोणी आहे’ हे माणसाने अनुमानाने जाणले. पडद्यावर दिसते ते दृश्य. ज्याला ते दिसते तो द्रष्टा पडद्यावर येत नाही. म्हणून हे चित्र आत्म्याला सिद्धही करत नाही आणि नाकारतही नाही. २००९ मध्ये काही संशोधकांनी मेलेल्या सामन माशाला यंत्रात ठेवून दाखवले, की आकडेमोडीत पुरेशी काळजी घेतली नाही तर त्याच्याही मेंदूत ‘क्रिया’ दिसते. आपल्या श्रद्धेला अशा कच्च्या आधाराची गरज नसावी.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. त्याच २०२४ च्या अभ्यासात आणखी ११२ जण होते. ते खाटेवर उघडपणे आज्ञा पाळत होते, त्यांना भान होते याविषयी शंका नव्हती. तरी त्यांच्यापैकी केवळ ३८ टक्क्यांचाच प्रतिसाद या तपासण्यांत पकडता आला. म्हणजे चित्र कोरे आले, म्हणून घर रिकामे आहे असे म्हणता येत नाही.

मग चित्र नसताना कसे वागावे? मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये हल्ला झाला. मे २०१५ मध्ये देह ठेवेपर्यंत, जवळजवळ ४२ वर्षे, त्यांच्या सहकारी परिचारिकांनी आणि त्यांच्यामागून आलेल्या नव्या पिढ्यांनी त्यांना भरवले, स्वच्छ ठेवले, त्यांची कूस बदलली. या स्त्रियांनी पुराव्याची वाट पाहिली नाही. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यांच्या नात्याला मान दिला.

याचा अर्थ उपचार कायम चालूच ठेवावेत, असा नाही. आत कोणी असेल तर त्याला वेदनाही असेल, आणि कधी सोडून देणे हीसुद्धा करुणा असू शकते. तो निर्णय कठीणच राहील. पण निर्णय कोणताही असो, तो कोणाविषयी घेतला जात आहे याचे भान सुटू नये. वस्तूची विल्हेवाट लावतात. व्यक्तीला निरोप देतात.

आपल्या घरी, शेजारी, एखादे आजोबा किंवा मावशी अशी पडून असतील. त्यांच्या उशाशी बसून ‘आता यांना काही कळत नाही’ असे बोलू नये. नावाने हाक मारावी. कूस बदलण्यापूर्वी सांगावे, ‘आता तुम्हाला वळवतो आहे.’ आज वार कोणता, बाहेर पाऊस आहे का, घरात कोण आले, हे सांगावे. उत्तर येणार नाही. सर्व भूतांत एकच चैतन्य पाहण्याची साधना आपण डोळे मिटून करतो. तिची परीक्षा या खाटेपाशी, डोळे उघडे ठेवून होते.