अर्जुन दोनदा थरथरतो

गीतापाठांतराचे वर्ग मी संध्याकाळी घरीच घेते. पंधरावा अध्याय घरी घडाघडा म्हणणारी मुलं स्पर्धेत माईकपुढे अडखळली की पालक म्हणतात, ‘घाबरू नकोस, शांत हो. गीता तेच शिकवते ना?’ मला हे पटत नाही.

पहिल्या अध्यायात अर्जुनाचं अंग गळतं, तोंडाला कोरड पडते, कापरं भरतं, गांडीव हातातून निसटतं. शत्रूचं बळ पाहून ही गत झाली म्हणावं, तर विराटाच्या गायी सोडवताना याच भीष्म-द्रोणांना तो एकटा भिडला होता. तेव्हा कापत होता तो विराटाचा मुलगा उत्तर. राजवाड्यात बढाया मारून आलेला हा राजपुत्र कौरवसेना दिसताच रथातून उडी टाकून पळाला. अर्जुनानं त्याला धरून आणलं, पण ‘लढ’ म्हणाला नाही. त्याच्या हाती लगाम दिले, धनुष्य स्वतः घेतलं.

१९०८ साली यर्कीज आणि डॉडसन या मानसशास्त्रज्ञांना उंदरांवरच्या प्रयोगात असंच काहीसं आढळलं. काळ्या-पांढऱ्या पेट्यांतला फरक ठळक असला, तर चुकीची पेटी निवडल्यावर बसणारा विजेचा झटका जोराचा असताना उंदीर लवकर शिकत. फरक पुसट केला की तोच झटका आड येई, सौम्य झटका बरा पडे. काम अवघड असलं की धास्ती थोडीशीच सोसते. उत्तराला झेपेल ते काम देणाऱ्या अर्जुनाला हे उमगलेलं होतं.

कृष्ण मात्र अर्जुनाचं काम हलकं करत नाही. युद्ध तेच, समोर आजोबा आणि गुरू तेच. तो काढून घेतो ती फळाची काळजी. समत्व सांगतो ते यशापयशाबद्दल, छातीच्या धडधडीबद्दल नाही. अकराव्या अध्यायात विश्वरूप पाहून अर्जुन पुन्हा थरथरतो. हात जोडलेले, कंठ दाटलेला, आणि त्याच अवस्थेत त्याच्या मुखातून मला गीतेत सर्वांत प्रिय असलेली स्तुती येते. पहिल्या वेळी लक्ष स्वतःवर होतं: माझे स्वजन, मला लागणारं पाप, माझं सुख. दुसऱ्या वेळी समोर जे होतं त्यानं तो सगळाच व्यापून गेला. कंप दोन्ही वेळा खरा. शेवटी मोह गेला, संशय फिटला असं तो सांगतो. धडधड थांबली असं म्हणत नाही.

गीताजयंतीच्या स्पर्धेत माझ्याकडच्या एका लहान मुलीनं फ्रॉकचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं. ओठ कोरडे. तरी सुरुवातीचे श्लोक खणखणीत झाले. मग परीक्षकांचं पेन हललं, तिची नजर तिकडे गेली आणि पुढचा चरण हरवला. पहिला नंबर आला तर सायकल, असं घरी ठरलं होतं. तिला मुठीनं नव्हे, त्या पेनानं अडवलं.

आता मी मुलांना शांत व्हायला सांगत नाही. पंधराव्या अध्यायाच्या चौदाव्या श्लोकात भगवंत पोटातला अग्नी होऊन अन्न पचवतात. तो श्लोक म्हणताना आपला डबा डोळ्यांपुढे आणा, एवढं सांगते. पालकांना मात्र बक्षिसाचं नाव काढू देत नाही. काहींना ते खटकतं. पण सायकलीच्या आशेवर गीता पाठ करून घ्यायची आणि फळाची आशा धरू नये हे त्याच मुलाकडून सुरात म्हणवून घ्यायचं, हे मला बघवत नाही.